पहाटेचा पाठ, तिन्हीसांजेचा परवचा

आमच्या जेवणघराच्या भिंतीवर चार वर्षं एक वेळापत्रक चिकटवलेलं होतं. साडेआठ ते सव्वानऊ गणित, सव्वानऊ ते दहा मराठी, मग दूध, मग परिसर अभ्यास, इंग्रजी, जेवणानंतर विज्ञानाचा प्रयोग, चित्रकला आणि चार वाजता मुक्त वेळ. थोरली साडेपाच वर्षांची असताना आम्ही तिला शाळेतून काढलं. शाळेतून आलेली मुलगी संध्याकाळभर एक शब्द बोलायची नाही, ते आम्हा दोघांना बघवेना. धाकट्याला तर शाळेत घातलंच नाही. लग्नाआधी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. शिकवणं मला येतं, आवडतं, आणि ही तर माझीच पोरं, मग अडचण कसली, असं मला मनापासून वाटत होतं.

पाचव्या वर्षाच्या पावसाळ्यात एका सकाळी अपूर्णांक चालले होते. पाव आणि पाऊण यांची बेरीज थोरलीनं तिसऱ्यांदा चुकवली. मी तिला रागावले नाही. वही मिटली, बाल्कनीत गेले आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहिले. किती वेळ उभी होते, आठवत नाही. धाकटा दारातून हाका मारत होता. हाक ऐकू येत होती, पण ओ द्यावीशी वाटत नव्हती. त्या वेळी मला सगळ्यात जास्त भीती या न वाटण्याचीच वाटली. राग आला असता, रडू आलं असतं, तर ते मला ओळखीचं होतं. हे काही तरी वेगळंच होतं. पोटची पोरं हाक मारताहेत आणि आत काहीच हलत नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरं होतं, थायरॉइड बरा होता. डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. चार दिवस माहेरी जाऊन नुसती झोपले, आणि परत आल्यावर वेळापत्रकाकडे नजर गेली तेव्हा पुन्हा पायातलं बळ गेलं. माझी आजी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. वाईजवळच्या एका गावची, वय अठ्ठ्याऐंशी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, थकवा निजंनं जातुया. ह्यो थकवा न्हाई. तुला शीण आलाय.”

या शिणाला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, बर्नआउट, तो या अर्थानं 1974 साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वापरात आणला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करत होता, आणि तिथली तळमळीनं, आपणहून राबणारी माणसं काही महिन्यांत कोरडी पडताना त्यानं पाहिली होती. सक्तीनं कामावर आलेल्यांची ही गोष्ट नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची व्याख्या केली ती मात्र नोकरीच्या जागी साचणाऱ्या ताणापुरती. घरी शिकवणारी आई त्या व्याख्येत बसत नाही. तिची कामाची जागा कोणती आणि घर कोणतं, हे तिलाच सांगता येत नाही.

मी शिकले तो इतिहास, म्हणून मी माझ्या पद्धतीनं वाट शोधू लागले. आपल्याकडे घरात मुलं शिकायची, आईबापांकडून शिकायची, असं आपण सहज म्हणतो. ती कशी शिकायची? कोण शिकवायचं, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि शिकवणाऱ्याचं काय व्हायचं? मला एक तरी अशी आई हवी होती जिनं हे केलं आणि जी दमली होती.

ती मला सापडली लक्ष्मीबाई डोंगरे यांच्यात. पंडिता रमाबाईंची आई.

लक्ष्मीबाईंचे पती अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या शास्त्र्यांकडे शिकत असताना त्यांनी पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत श्लोक म्हणताना ऐकलं. आपल्या बायकोलाही हे आलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर गोदावरीकाठच्या एका गावी एका यात्रेकरू बापानं आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. आजच्या डोळ्यांनी हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्या मुलीला त्यांनी संस्कृत शिकवलं, लोकनिंदा सोसून शिकवलं, आणि शेवटी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला बिऱ्हाड हलवलं. तिथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. तीन भावंडांत त्या धाकट्या.

रमाबाईंना अक्षर दिलं ते आईनं. वडील तोवर म्हातारे झाले होते. रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या 1887 मधल्या पुस्तकाला फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रॅचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. तीत या शिकवणीचं एक चित्र आहे. अनंतशास्त्र्यांकडे विद्यार्थी राहायला असत. त्यांचं जेवणखाण आणि घरातलं बाकी सगळं लक्ष्मीबाईंच्या अंगावर. दिवसा शिकवायला वेळ म्हणून नाही. मग ती आई दिवस उजाडायच्या आत, कामाचा रेटा सुरू व्हायच्या आधी, झोपेनं जडावलेल्या लेकीला अंथरुणातून उचलून मांडीवर घ्यायची, लाडानं जागी करायची, आणि बाहेर पाखरं बोलू लागलेली असताना तोंडानं पाठ सांगायची. पुस्तक नाही. आईचे ओठ हेच पुस्तक.

हे चित्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यातल्या पाखरांपाशी थांबले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की यात एक घड्याळ आहे. दिवसाच्या चोवीस तासांतला एक तुकडा, फार तर तासाभराचा. बाकीचा दिवस लक्ष्मीबाई शिकवत नव्हत्या. स्वयंपाक करत होत्या, उष्टी काढत होत्या, गुरांचं बघत होत्या, आणि मुलगी त्यांच्या आजूबाजूला असेल नाही तर नसेल.

इथे इतिहासाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. बॉडलीबाईंच्या लिखाणात ही पहाट रानातल्या घरात उगवते. रमाबाईंनी स्वतः पुढे आपल्या आयुष्याची हकिगत लिहिली तीत मात्र त्या सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबानं गंगामूळ सोडलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणलं, आणि आई शिकवू लागली ती त्या आठ वर्षांच्या झाल्यावर. म्हणजे पाठ झाले ते यात्रेच्या वाटेवर. देवळांच्या आवारात पुराण वाचायचं, लोक देतील त्या दक्षिणेवर आणि शिध्यावर राहायचं, आणि पुढच्या क्षेत्राला निघायचं. मी रमाबाईंच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवते. पहाट खरी असेल, उचलून घेणं खरं असेल, रान तेवढं सांगणाऱ्याच्या मनातलं असेल. त्यानं माझ्या लेखी लक्ष्मीबाई आणखी मोठ्या होतात. त्यांच्याकडे शिकवायला खोली नव्हती, फळा नव्हता, भिंतच नव्हती वेळापत्रक चिकटवायला.

आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनं शिकवलं, असं रमाबाई सांगतात. भागवत मुखोद्गत झालं, व्याकरण झालं, कोश झाला. आणि त्या पुढे जे सांगतात ते मी एका कागदावर लिहून स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी लावलं होतं, माझ्या शब्दांत: आईनं माझं मन असं घडवलं की पुढचं शिक्षण मला दुसऱ्याच्या फारशा मदतीशिवाय करता यावं. सात वर्षांच्या शिकवणीचं फळ हे, की शिकवणारीची गरज उरू नये. दक्षिणेतल्या दुष्काळात आधी वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, काही महिन्यांनी बहीण. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतराच्या. आई जे घडवून गेली होती ते किती लवकर लागलं. 1878 मध्ये भावाबरोबर त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

मग मी माझ्याकडे बघितलं. मी रोज साडेसात तास मुलांच्या समोर शिक्षिका म्हणून उभी होते. मुलांना माझ्याशिवाय पान उलटता येत नव्हतं, कारण पान मीच उलटत होते.

लक्ष्मीबाईंचा जीव थकला नसेल असं मी म्हणत नाही. नक्कीच थकला. अनवाणी चालण्यानं, उपासमारीनं थकला. पण मुलीच्या पाठानं थकला असेल का? ती वेळ त्यांच्या दिवसातली एकुलती एक स्वतःची वेळ असावी, असं मला वाटत राहतं. याला पुरावा नाही. पहाटे उठलेल्या कुठल्याही आईला हे विचारून बघावं.

आता पंतोजी. गावोगाव मुलांना अक्षर देण्याचं काम आपल्याकडे आईबापांकडे क्वचितच होतं. ते एका वेगळ्या माणसाला दिलेलं होतं, आणि त्याला त्याचा मोबदला होता, मग तो रोख असो, शेर-पायलीनं धान्य असो, नाही तर दसऱ्या-पाडव्याचा शिधा असो. 1821 मध्ये मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट लिहून गेले की इलाख्यात जिथे एखादी तरी शाळा नाही असं गाव, लहान असो वा मोठं, क्वचितच सापडेल. त्यांच्या या बोलण्यात अतिशयोक्ती होती. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या आमदानीत सुरू झालेल्या पाहणीचे आकडे 1829 मध्ये एकत्र आले तेव्हा इलाख्यातल्या सुमारे 1,700 शाळांत 35 हजारांच्या वर मुलं असल्याचं दिसलं. म्हणजे एका पंतोजीमागे सरासरी वीस मुलं. देवळात, धर्मशाळेत, कुणाच्या तरी ओसरीवर बसणारी. मुली जवळजवळ नाहीत. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांची मुलं नाहीतच.

एकटा माणूस वेगवेगळ्या वयाची वीस मुलं कशी सांभाळत होता? उत्तर साधं आहे, आणि ते इंग्रज अधिकाऱ्यांनाही नवलाचं वाटलं. मोठी मुलं लहानांना शिकवत. धूळपाटीवर अ गिरवणाऱ्याशेजारी कित्ता घोटणारा बसे, त्याच्याशेजारी मोडी सफाईनं वाचणारा. पाढे सगळे एका सुरात म्हणत, एक मुलगा सांगे, बाकीचे मागून. पंतोजी सगळ्यांवर नजर ठेवून असे, आणि त्याची छडी आणि शिक्षा फार क्रूर असत, ते विसरून त्याचं गुणगान करायचं माझ्या मनात नाही. पण शिकवण्याचं ओझं त्यानं एकट्यानं वाहिलं नाही. मद्रासेत लष्करी अनाथालय चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिलं आणि आपल्या शाळेत तेच सुरू केलं. मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची पद्धतही त्यांनी तिथेच बसवली, आणि 1797 मध्ये विलायतेत त्यावर पुस्तक काढलं. पुढे ती पद्धत तिकडे ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी 1823 मध्ये तिथल्या गावशाळांबद्दल लिहिताना, थोरली मुलं लहानांना शिकवतात ही रीत इंग्लंडनं उचलली ते योग्यच झालं, असं नोंदवलं.

आमच्या घरात दोन मुलं होती, साडेनऊ आणि साडेसहा वर्षांची, आणि चार वर्षांत एकदाही मी थोरलीला म्हटलं नव्हतं की आज तू याला शिकव.

शाळेचं वेळापत्रक हे फार पुढचं. 1854 च्या वुड यांच्या खलित्यानंतर शिक्षण खातं आलं, निरीक्षक आले, इयत्ता, हजेरीपट आणि अनुदान आलं. तास वाजला की विषय बदलायचा, ही शिस्त अनेक वर्ग आणि अनेक शिक्षक असलेल्या इमारतीसाठी घडली. त्यात मुख्याध्यापक असतो, लिपिक असतो, शिपाई असतो, पाणी भरणारी बाई असते, आणि शिक्षकाला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असते. मी ती आख्खी इमारत उचलून दोन खोल्यांच्या घरात आणली होती आणि सगळी पदं स्वतःकडे ठेवली होती. दूध तापवणारी शिपाईणही मीच, प्रश्नपत्रिका काढणारी निरीक्षकही मीच. मी माझ्यावर एवढी कडक निरीक्षक का बसवली होती, याचं उत्तर मला पुढे आजीनं दिलं. पण त्याआधी एका माणसाबद्दल लिहायला हवं, ज्याची गोष्ट वाचताना मला स्वतःची भीती वाटली.

गोपाळराव जोशी. कल्याणच्या यमुनेशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यांनी तिचं नाव आनंदी ठेवलं आणि तिला घरीच शिकवायला घेतलं. ते टपाल खात्यात नोकरीला. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधलं श्रीरामपूर, जिथे बदली होईल तिथे शिकवणी चालू. त्याच शिकवणीच्या जोरावर आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. बॉडलीबाईंच्याच महाविद्यालयात. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. घरी शिकलेल्या दोन मराठी बाया त्या दिवशी फिलाडेल्फियात एकमेकींसमोर होत्या, आणि एकीचा शिक्षक नवरा होता, दुसरीची शिक्षिका आई.

आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्या शिकवणीचा हिशोब आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलेलं, पुढे अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात लिहिलं नाही, आणि म्हणूनच ते वाचवत नाही. ध्येय मोठं होतं. गोपाळरावांना समाजाशी झगडून काही तरी सिद्ध करून दाखवायचं होतं आणि ते सिद्ध व्हायचं होतं एका मुलीच्या अंगावर. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानं त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मी मुलांवर हात उगारला नाही. पण थोरलीनं बेरीज चुकवल्यावर माझ्या मनात जे आलं होतं ते मला ठाऊक आहे. ही चुकली तर नातेवाइकांपुढे, शेजाऱ्यांपुढे, शाळेत मुलं घालणाऱ्या प्रत्येकापुढे मी चुकले. अपूर्णांक तिचे नव्हतेच, ते माझे होते.

न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या पत्नीला, दुसऱ्या रमाबाईंना, घरी शिकवलं त्या गोष्टीत मारहाण नाही. तिथे त्रास दुसऱ्या बाजूनं. 1873 मध्ये अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरी आल्या, आणि रात्री नवऱ्यापाशी बसून शिकलेल्या अक्षरांसाठी दिवसभर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे ऐकत राहिल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक 1910 मध्ये आलं. शिकण्याचं बळ त्यांना कुठून मिळत होतं हे त्यात दिसतं, आणि गप्प राहण्यात ते बळ किती खर्च होत होतं हेही.

आता आजीचं.

आम्ही थोरलीला शाळेतून काढल्याचं तिला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मग म्हणाली, “आमाला शाळा दिसायची, पन दारातनं. आन् तू हाताला धरून पोरगी भाईर काढलीस?” माझ्याकडे तेव्हा उत्तरं होती. मुलांचा शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा, त्यात घरच्या शिक्षणाबद्दल स्वतंत्र कलम नसणं, मुक्त विद्यालयातून पुढे दहावीला बसता येणं. आजीचा प्रश्न कायद्याचा नव्हता.

1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर ज्या साक्षी झाल्या त्यांतल्या दोन मी त्या पावसाळ्यात परत वाचल्या. एक जोतीराव फुल्यांची. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. दुसरी पुण्यात झाली, चोवीस वर्षांच्या पंडिता रमाबाईंची. आईच्या तोंडून शिकलेल्या या बाईनं सरकारकडे काय मागितलं? मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका द्या, तपासायला स्त्री निरीक्षक द्या, बायकांना डॉक्टर होऊ द्या. आपल्या आईनं केलं तसं प्रत्येक आईनं घरोघरी करावं, असं त्या म्हणाल्या नाहीत. घरची विद्या ज्यांच्या घरात विद्या आहे त्यांनाच मिळते हे त्यांना ठाऊक होतं. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तीही यासाठीच. सावित्रीबाई घरी जोतीरावांकडून शिकल्या, पण तेवढ्यावर न थांबता शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि शाळेत गेल्या शिकवायला. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू करून 1906 मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानात नेलं, शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात केलं. जवळजवळ सत्तर वर्षं या माणसांनी शाळेचं दार उघडायला खांदा लावला, आणि माझ्या आजीच्या गावापर्यंत ते उघडत आलं तेव्हा मुलीसाठी ते फटीएवढंच होतं. ज्या दारासाठी इतकं झालं त्या दारातून मी मुलीला बाहेर आणलं. म्हणून मी स्वतःला एक मिनिट सुट्टी देत नव्हते. साडेसात तास शिकवलं तर कदाचित त्या ऋणातून थोडं उतराई होता येईल, असं काही तरी माझ्या आत चाललं होतं. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मला शाळा न्हाई गावली त्यात तुझा काय दोष? माझं तू कशाला फेडतीस?”

आणखी एक गोष्ट मला केडगावला कळली. पुण्याहून दौंडच्या लोकलनं मी एक दिवस एकटीच गेले. रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशन उभं केलं, तिथल्या छापखान्यात बाया खिळे जुळवत, तिथेच 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मी आवारात एका झाडाखाली बसले आणि मनोरमेचा विचार करत राहिले. रमाबाईंची एकुलती लेक, 1881 ची. ती वर्षाची व्हायच्या आत तिचे वडील वारले. आई इंग्लंडला गेली तेव्हा ती बरोबर होती, आणि पुढे आई अमेरिकेत काम करत असताना ती इंग्लंडात वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिली, शिकली. ज्या बाईला आईनं पहाटे मांडीवर घेऊन शिकवलं, तिनं आपली मुलगी दुसऱ्या बायकांच्या हाती दिली. त्याचं तिला काय वाटलं असेल? पण दिली. आणि तीच मनोरमा पुढे आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी बराच वेळ रडले. कित्येक महिन्यांनी रडू आलं होतं.

त्यानंतर घरात जे बदललं ते हळूहळू बदललं. वेळापत्रक एकदम फाडलं नाही, आधी दुपार खोडली. मग फक्त सकाळचा एक तास राहिला, चहाच्या आधीचा. दोन्ही मुलं अर्धवट झोपेत माझ्या दोन बाजूंना, आणि मी काही तरी वाचते किंवा सांगते. तेवढाच माझा पाठ. गणित थोरली धाकट्याला शिकवते आणि शिकवताना तिचं तिला कळतं, पाव आणि पाऊणसुद्धा असंच कळलं, चिंचेच्या गोळ्या वाटून घेताना. आठवड्यातून दोन सकाळी मुलं नवऱ्याबरोबर त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जातात. शेजारच्या निवृत्त काकू त्यांना इंग्रजी वाचून दाखवतात, त्यांनीच विचारलं होतं, मी आधी दोनदा नको म्हटलं होतं. शीण लगेच गेला नाही. त्या वर्षीची दिवाळीही मला फिकीच गेली. संक्रांतीच्या सुमारास एकदा धाकट्यानं हाक मारली आणि मी ओ दिल्याचं नंतर माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळ आजीची झाली. दिवा लावला की ती मुलांना जवळ बोलावते. आधी शुभंकरोती, मग परवचा. परवचा ही आपल्या घरांतली किती जुनी आणि किती शहाणी रीत, हे मला तिच्याकडे बघून कळलं. तिन्हीसांजेला, बाहेर खेळून आलेली मुलं हातपाय धुऊन ओळीनं बसायची आणि दिवसभरात जे पाठ झालं ते एका सुरात म्हणायची. नवं काही शिकवायचं नाही, कुणाला काही समजावायचं नाही. शिकवणारं माणूस तिथे नसलं तरी चालतं. वीस-तीसपर्यंतचे पाढे, आणि मग अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. सोळा आण्यांचा रुपया, शेर-पावशेर, पायली-अधोली यांच्या बाजारात या पाढ्यांशिवाय माणसाचं चालायचं नाही. दशमान पैसे 1957 मध्ये आले, पुढे मेट्रिक मापं आली, आणि हे पाढे शाळांमधून निघून गेले. औट म्हणजे साडेतीन. संतांनी माणसाच्या देहाला औट हाताचा म्हटलं ते याच मापानं.

एका संध्याकाळी मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर आजीचा आवाज आला. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. ती औटकी म्हणत होती. न अडखळता. मी उशीवरून डोकं उचललं. जी बाई शाळेची पायरी चढली नाही, जिला सहीच्या जागी अंगठा द्यावा लागतो, तिला औटकी?

थोरलीनं तोच प्रश्न विचारला. “पणजी, तू तर शाळेत गेली नव्हतीस. मग हे कुणी शिकवलं?”

“कुनी न्हाई. माझं भाऊ सोप्यात बसून म्हनायचं. मी आत चुलीम्होरं भाकरी थापायची. भाकरी थापता थापता तोंडात बसलं.”

“मग तुला कुणी विचारलं नाही, येतं का म्हणून?”

“तूच इचारतीस. पैलीच.”

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आता हळू, थांबत थांबत, आणि मुलं मागून म्हणू लागली. साडेसतरा, एकवीस. धाकटा साडेचोवीसला अडला. थोरलीनं त्याला बोटं धरून मोजून दाखवलं. अठ्ठावीस. साडेएकतीस. पस्तीस. बाहेर अंधार झाला होता, कुणी तरी दिवा मोठा केला. भात लावायचा राहिला होता, ते मला आठवत होतं. मी पडून ऐकत राहिले.